विद्युत् सायकल व स्कूटरविषयक कायदे

विद्युत् घटमालेवर (बॅटरीवर) चालणाऱ्या सायकली आणि हलक्या स्कूटर यांची निर्मिती, विक्री व सार्वजनिक रस्त्यांवरील वापर सुरक्षित व्हावा, म्हणून निरनिराळ्या देशांनी केलेले किंवा करण्याचे योजिलेले कायदे. ही वाहने सायकल आणि मोटारसायकल यांच्या सीमेवरची आहेत. सायकल वापरणाऱ्याला बहुतेक देशांत परवाना, नोंदणी वा विमा यांपैकी काहीच लागत नाही. मोटारसायकल वापरणाऱ्याला ही तिन्ही बंधने पाळावी लागतात. मधल्या वाहनाला कोणत्या बाजूस घालावयाचे, हा या सर्व कायद्यांचा मूळ प्रश्न असून त्याचे उत्तर वेग, शक्ती व वजन यांच्या आकड्यांत देण्याचा प्रघात पडला आहे. हे आकडे कारखान्यात पाळले जातात; रस्त्यावर ते टिकतातच असे नाही. अलीकडील बहुतेक प्रस्तावांचा उगम या तफावतीत आहे.

या विषयातील संज्ञा काहीशा सैल आहेत. मराठीत ‘ई-बाईक’ हा शब्द पायट्यांच्या (पेडलांच्या) सायकलीलाही लावतात आणि महामार्गावर धावणाऱ्या विद्युत् मोटारसायकलीलाही. ‘स्कूटर’ म्हटले की आसन आणि पुढे पाय ठेवण्याची जागा असलेले वाहन आपल्या डोळ्यांपुढे येते. यूरोप-अमेरिकेत मात्र ई-स्कूटर म्हणजे दोन लहान चाकांवरील फळीवर उभे राहून, उंच दांड्याच्या मुठी धरून चालवावयाचे वाहन होय. परदेशी कायद्यांची वृत्ते वाचताना हा भेद ध्यानात न घेतल्यास घोटाळा होतो. प्रस्तुत नोंदीत या दुसऱ्या प्रकारास ‘उभी स्कूटर’ असे म्हटले आहे.

चाकाच्या तुंब्यात विद्युत् चलित्र (मोटर) बसविलेल्या सायकलीचे एकस्व (पेटंट) अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना १८९५ मध्ये मिळाले होते. न्यूयॉर्कमध्ये १९१५ च्या सुमारास ‘ऑटोपेड’ नावाची पेट्रोलवर चालणारी उभी स्कूटर आली व तिचा विद्युत् प्रकारही निघाला. शिशाच्या घटमाला जड असल्याने ही वाहने दीर्घकाळ कुतूहलाचा विषय राहिली. १९९३ मध्ये जपानच्या यामाहा कंपनीने पायटे मारणाऱ्याच्या जोरात चलित्राच्या जोराची भर घालणारी सायकल बाजारात आणली. पुढे लिथियम-आयन घटमाला स्वस्त झाल्या आणि सप्टेंबर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे ‘बर्ड’ या कंपनीने भाड्याच्या उभ्या स्कूटर रस्त्यावर ठेवल्या. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच जगातील अनेक शहरांना या वाहनांसाठी नियम करणे भाग पडले. पायटे आणि यंत्र एकत्र असलेले वाहन महाराष्ट्राला नवीन नाही : पुण्याच्या कायनेटिक उद्योगाने १९७२ मध्ये आणलेली ‘लूना’ ही ५० घ.सेंमी. एंजिनाची मोपेड पायटे मारून सुरू करीत. तथापि लूना कायद्याने मोटार वाहनच होती.

सीमारेषा : यूरोपीय संघाच्या २००२ च्या निदेशाने आखलेली रेषा आज सर्वाधिक प्रमाण मानली जाते. चलित्राची अखंड शक्ती २५० वॉटपेक्षा अधिक नसावी. वेग वाढत जाईल तसे चलित्राचे साहाय्य कमी होत जावे. ताशी २५ किमी. वेगास किंवा पायटे मारणे थांबताच ते पूर्णपणे बंद व्हावे. या अटी पाळणारे वाहन सायकल समजले जाते. ब्रिटनने १९८३ च्या नियमांत २०० वॉटची मर्यादा घातली होती. ती २०१५ मध्ये वाढवून यूरोपीय मर्यादेशी जुळवून घेण्यात आली. अमेरिकेने मात्र वेगळी वाट धरली. तेथील २००२ च्या संघीय कायद्याने ७५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या व केवळ चलित्रावर ताशी २० मैलांपेक्षा (सु. ३२ किमी.) कमी वेगाने जाणाऱ्या पायट्यांच्या वाहनास ग्राहकोपयोगी वस्तू ठरविले. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये कायदा करून अशा सायकलींचे तीन वर्ग पाडले व पुढे अनेक राज्यांनी ही वर्गवारी उचलली. तिच्या तिसऱ्या वर्गातील सायकलीला ताशी २८ मैलांपर्यंत (सु. ४५ किमी.) साहाय्य मिळते. या वेगाच्या सायकलीला यूरोपात मोपेड समजतात. एकच वस्तू अटलांटिकच्या एका तीरावर सायकल आणि दुसऱ्या तीरावर मोटार वाहन ठरते, यावरून ही रेषा निसर्गाने आखलेली नसून माणसांच्या सोयीने आखलेली आहे, हे दिसून येते.

तरीही तिच्यामागे पदार्थविज्ञानाचा आधार आहेच. गतिमान वस्तूची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. स्वार धरून ९० किग्रॅ. वजनाची सायकल ताशी २५ किमी. वेगाने जात असता तिची गतिज ऊर्जा सु. २,१७० जूल असते. ताशी ४५ किमी. वेगाला ती ७,००० जूलांच्या वर जाते. वेग दुपटीहूनही कमी वाढला, पण आघाताची ऊर्जा तिपटीहून अधिक झाली. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर पहिल्या वेगात सु. ७ मी. व दुसऱ्यात साडेबारा मी. अंतर काटले जाते. उभ्या स्कूटरची चाके बहुधा २० ते २५ सेंमी. व्यासाची, म्हणजे सायकलीच्या चाकांच्या निम्म्याहूनही लहान असतात. सायकल ज्या खड्ड्यावरून धक्का खाऊन पुढे जाते, त्यात असे चाक अडकून बसते आणि उभा स्वार डोक्यावर पडतो. म्हणूनच जर्मनीने जून २०१९ मध्ये लागू केलेल्या अध्यादेशात उभ्या स्कूटरची वेगमर्यादा सायकलीपेक्षा कमी, ताशी २० किमी. ठेवली, किमान वय १४ ठरविले, पदपथावर बंदी घातली आणि विमा उतरविल्याची पाटी वाहनावर लावणे सक्तीचे केले. जपानमध्ये जुलै २०२३ पासून १६ वर्षांवरील व्यक्तीला ताशी २० किमी.पर्यंतची उभी स्कूटर परवान्यावाचून चालविता येते. काही पदपथांवर ती नेता येते, परंतु तेथे वेग ताशी ६ किमी.पुरता मर्यादित करणारी व्यवस्था वाहनातच असावी लागते.

ब्रिटनमधील स्थिती चमत्कारिक आहे. उभी स्कूटर १९८८ च्या रस्ता वाहतूक अधिनियमाप्रमाणे मोटार वाहन असल्याने ती खाजगी मालकाने सार्वजनिक रस्त्यावर चालविणे बेकायदा ठरते आणि पदपथावर वाहन नेण्यास १८३५ च्या महामार्ग अधिनियमाची बंदी आहे. जुलै २०२० पासून निवडक शहरांत भाड्याच्या स्कूटरचे प्रयोग सुरू झाले. मे २०२२ मध्ये संसदेपुढील राजभाषणात वाहतूकविषयक विधेयकाची घोषणा झाली. पण त्याच वर्षाच्या अखेरीस ते पुढे ढकलण्यात आले. दुकानात उघडपणे विकले जाणारे वाहन घराबाहेर चालविणे हा गुन्हा, असा विसंवाद त्यामुळे कायम राहिला.

पदपथाचा प्रश्न : या वाहनांचा सर्वांत तीव्र संघर्ष मोटारींशी नसून पायी चालणाऱ्यांशी झाला. रस्त्यावर मोटारींच्या भीतीने स्कूटरस्वार पदपथावर येतो आणि पदपथावरचा वृद्ध वा अंध माणूस त्याच्या भीतीने घरात बसतो. सिंगापूरचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तेथील वाहतूक नियोजनकारांनी प्रारंभी उदार धोरण स्वीकारले होते. मे २०१८ मध्ये अंमलात आलेल्या कायद्याने २० किग्रॅ. वजनाच्या व ७० सेंमी. रुंदीच्या आतील वाहनांना पदपथांवर मर्यादित वेगाने जाण्याची मुभा दिली. अपघात वाढू लागल्यावर फेब्रुवारी २०१९ पासून पदपथावरील वेगमर्यादा ताशी १५ वरून १० किमी.वर आणण्यात आली व उभ्या स्कूटरची नोंदणीही सक्तीची झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये अशा एका वाहनाशी टक्कर होऊन एक वृद्ध सायकलस्वार महिला मरण पावली आणि ५ नोव्हेंबर २०१९ पासून पदपथांवर उभ्या स्कूटरना पूर्ण बंदी झाली. या वाहनांना मुख्य रस्त्यावर आधीच मज्जाव होता. त्यामुळे सु. ५,५०० किमी. पदपथांऐवजी त्यांच्या वाट्याला केवळ ४४० किमी.चे सायकलमार्ग उरले.

या बंदीचा भार कोणावर पडला, हेही नोंदविण्याजोगे आहे. घरोघर अन्न पोहोचविणारे हजारो कामगार याच वाहनांवर पोट भरीत होते व त्यांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडे गाऱ्हाणी मांडली. सरकार व अन्न पोहोचविणाऱ्या तीन कंपन्या यांनी मिळून ७० लाख सिंगापूर डॉलरचा निधी उभारला व त्यातून जुनी स्कूटर देऊन सायकल वा विद्युत् सायकल घेण्यासाठी साहाय्य देऊ केले. जानेवारी २०२२ पासून विद्युत् सायकल व उभी स्कूटर चालविणाऱ्यांना नियमांच्या ज्ञानाची चाचणी उत्तीर्ण होणे आवश्यक ठरले. परवाना नाही, पण परीक्षा आहे, असा हा मधला मार्ग आहे आणि इतर देशांनी तो अधिक गंभीरपणे विचारात घ्यावयास हवा होता.

पॅरिसमध्ये हा निर्णय थेट नागरिकांवर सोपविण्यात आला. २ एप्रिल २०२३ च्या मतदानात भाग घेणाऱ्यांपैकी सु. ८९ टक्के लोकांनी भाड्याच्या उभ्या स्कूटरविरुद्ध कौल दिला. मतदान मात्र साडेसात टक्क्यांच्या आसपासच झाले होते. ऑगस्टअखेर सु. १५,००० स्कूटर शहरातून हलविण्यात आल्या. खाजगी स्कूटर पूर्ववत चालू राहिल्या.

घटमालेची आग : या कायद्यांच्या पहिल्या पिढीने केवळ रस्त्याचा विचार केला होता. घरात, जिन्याखाली वा दुकानाच्या माळ्यावर वाहन प्रभारित (चार्ज) होत असताना लागणाऱ्या आगींनी दुसऱ्या पिढीच्या कायद्यांना जन्म दिला. लिथियम-आयन घटातील विद्युत् विच्छेद्य द्रव ज्वलनशील असतो. घटातील धन व ऋण अग्रांमधील पातळ पडदा फाटला किंवा घट मर्यादेबाहेर प्रभारित झाला, तर आत उष्णता निर्माण होते, त्या उष्णतेने रासायनिक विक्रिया अधिक वेगाने होतात व त्यांतून आणखी उष्णता बाहेर पडते. एका घटाकडून शेजारच्या घटाकडे ही प्रक्रिया पसरत जाते. अशी आग वरवर विझल्यासारखी वाटून पुन्हा पेट घेते. उत्तम घटमालेत प्रत्येक घटावर लक्ष ठेवणारे इलेक्ट्रॉनीय नियंत्रण असते; स्वस्त, दुरुस्त केलेल्या किंवा जुने घट काढून जोडलेल्या घटमालेत नेमके तेच नसते वा निकामी असते.

न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात लिथियम-आयन घटमालांमुळे २६८ आगी लागून १८ जण मृत्युमुखी पडले. जूनमध्ये चायनाटाउनमधील विद्युत् सायकलींच्या दुकानात लागलेल्या आगीत वर राहणाऱ्यांपैकी चार जणांचा अंत झाला. सप्टेंबर २०२३ पासून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने ठराविक मानकांनुसार प्रमाणित न केलेली सायकल, स्कूटर वा घटमाला विकण्यास, भाड्याने देण्यास या शहरात बंदी आली. वापरलेल्या घटमालांतील घट काढून नव्या घटमाला जोडण्यासही मनाई करण्यात आली. चीनमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये नानजिंग येथील एका निवासी इमारतीच्या तळमजल्यावर, जेथे विद्युत् सायकली ठेवल्या जात, आग लागून १५ जण मरण पावले.

मर्यादेची मोडतोड : बहुतेक वाहनांत वेगाची मर्यादा यंत्राच्या सामर्थ्यामुळे नव्हे, तर नियंत्रकात घातलेल्या आज्ञावलीमुळे पाळली जाते. एखादी तार काढून किंवा भ्रमणध्वनीवरील आज्ञेने ती उठविता आली, की २५ किमी.चे वाहन ४५ किमी.चे होते. बाहेरून त्याच्यात काहीच फरक दिसत नाही, त्यामुळे पोलिसाला ते ओळखणे अवघड जाते. ही अडचण सर्वांत मोठ्या प्रमाणावर चीनला भेडसावली. तेथे अशी वाहने ३५ कोटींहून अधिक असून त्यांना कायद्याने बिगर-मोटार वाहने मानतात. १९९९ च्या चिनी मानकात वेग २० किमी. व वजन ४० किग्रॅ. अशा मर्यादा होत्या. प्रत्यक्षात त्या मागे पडल्याने २०१८ च्या मानकात त्या २५ किमी. व ५५ किग्रॅ. केल्या गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या नव्या मानकाचा रोख स्वारावर नसून उत्पादकावर आहे : घटमाला, नियंत्रक व वेगमर्यादक यांत फेरफार करता येणार नाही अशी रचना असावी, २५ किमी.पुढे चलित्राने जोर देऊ नये आणि आगीला इंधन मिळू नये म्हणून प्लॅस्टिकच्या भागांचे प्रमाण वाहनाच्या वजनाच्या ५.५ टक्क्यांहून अधिक नसावे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने २०२३ मध्ये शक्तीची मर्यादा ५०० वॉटपर्यंत वाढविली होती. डिसेंबर २०२५ मध्ये ती पुन्हा २५० वॉटवर आणण्याचा मनोदय तेथील सरकारने जाहीर केला.

न्यूयॉर्कमध्ये याउलट स्वाराला ओळखता यावे, यावर भर देणारा प्रस्ताव पुढे आला. २०२३ मध्ये विद्युत् सायकलीची धडक बसून एक पादचारी महिला मरण पावल्यानंतर, २०२४ मध्ये नगर परिषदेत मांडलेल्या विधेयकात प्रत्येक विद्युत् सायकलीची नोंदणी व क्रमांकाची पाटी सक्तीची करण्याचे सुचविले होते. धडक देऊन पळून जाणाऱ्याचा माग लागत नाही, ही जखमींच्या नातलगांची तक्रार खरी आहे. विरोधकांचे म्हणणे असे, की पाटीचा जाच मुख्यत्वे अन्न पोहोचविणाऱ्या स्थलांतरित कामगारांना होईल आणि त्यांना घाई करावयास लावणाऱ्या कंपन्या मोकळ्याच राहतील. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये शहराने विद्युत् सायकलींसाठी ताशी १५ मैलांची (सु. २४ किमी.) वेगमर्यादा लागू केली.

भारत : मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांखाली भारतात हा विषय येतो. नियम २ (यू) प्रमाणे ज्या वाहनाच्या चलित्राची तीस मिनिटांची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किमी.च्या आत आणि घटमाला वगळून वजन ६० किग्रॅ.पर्यंत आहे व ज्याला योग्य ब्रेक आणि पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक बसविला आहे, ते मोटार वाहन समजले जात नाही. मात्र या अटी पुऱ्या होत असल्याचे मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने प्रमाणित करावे लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा संस्थांपैकी एक होय. यूरोपीय रेषेशी आकडे जुळत असले, तरी एक महत्त्वाचा फरक आहे. यूरोपात ही सवलत पायटे मारणाऱ्या सायकलीला आहे. भारतात ती पायटे नसलेल्या, मूठ पिळताच चालणाऱ्या मंदगती स्कूटरलाही मिळते. त्यामुळे शाळकरी मुलांच्या हाती पडणारे वाहन दिसावयास पूर्ण स्कूटर, पण कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन नव्हे, अशी स्थिती झाली आहे. त्याला नोंदणी नाही, परवाना नाही, विमा नाही. हेल्मेटची सक्ती करणारे कलम १२९ मोटारसायकलींपुरते असल्याने तेही त्याला लागू पडत नाही.

या सवलतीचा गैरफायदा घेऊन अधिक शक्तीचे चलित्र बसविलेली वा प्रमाणपत्रच नसलेली वाहने विकली जात असल्याचे आढळल्यावर महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०२२ मध्ये अशा वाहनांविरुद्ध राज्यभर मोहीम हाती घेतली. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली एक विद्युत् स्कूटर पेटली, वेल्लोरमध्ये प्रभारित होत असलेल्या स्कूटरच्या आगीच्या धुराने पिता-कन्येचा बळी घेतला आणि सप्टेंबरमध्ये सिकंदराबादेत विद्युत् स्कूटरच्या दालनात लागलेली आग वरच्या मजल्यांवरील हॉटेलात पसरून आठ जण मृत्युमुखी पडले. केंद्र सरकारने घटमालांच्या मानकांत दुरुस्त्या करून त्या डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केल्या. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मान्यता दिलेले ई-बाईक टॅक्सी धोरण हा निराळा विषय होय. एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत १५ किमी.पर्यंतच्या प्रवासासाठी योजिलेली ती वाहने नोंदणीकृत मोटार वाहनेच आहेत.

भारतीय व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव अपघातानंतर जाणवते. मोटार वाहनाच्या धडकेत जखमी झालेला पादचारी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो आणि सक्तीच्या तृतीय पक्ष विम्यामुळे भरपाई देण्यास विमा कंपनी बांधलेली असते. मंदगती विद्युत् स्कूटरने धडक दिल्यास ती मोटार वाहन नसल्यामुळे हा मार्ग बंद होतो व जखमीला दिवाणी दावा लावून स्वाराच्या ऐपतीवर विसंबावे लागते. वाहनात बेकायदा फेरफार झाल्याचे सिद्ध झाले, तर ते मोटार वाहन ठरते व मालक नोंदणी आणि विमा नसल्याबद्दल शिक्षेस पात्र होतो; पण जखमीला भरपाई देणारा विमेदार तेव्हाही अस्तित्वात नसतो. जर्मनीतील विम्याच्या पाटीसारखी अल्प हप्त्याची, परवान्याशी न जोडलेली विमा योजना हा यावरील एक साधा उपाय असून तिच्यासाठी वाहनाला मोटार वाहन ठरविण्याची गरज पडत नाही.